कर्बाचा भाव आणि आपली जमीन

(सभासदांच्या शंका व त्यांचे निरसन)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



गेल्या दोन हंगामांपासून रावेर तालुक्यात गावोगावी 'कार्बन क्रेडिट' हे नाव कानावर पडू लागले आहे. कोणीतरी मोटारसायकलवर येतो, छापील अर्ज काढतो, सातबारा व आधारची नक्कल मागतो आणि सांगतो, "पाचट जाळू नका, नांगरट कमी करा, दरवर्षी तुमच्या खात्यावर पैसे जमा होतील." काही सभासदांनी सह्या केल्या आहेत. काहींनी कागद तसाच खिशात घालून आमच्या गट कार्यालयाची पायरी चढली आहे. "साहेब, आता हवासुद्धा विकली जाते म्हणे, खरं का हे?" हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून द्यावे असे ठरविले.

उत्तर थोडक्यात असे की, गोष्ट खरी आहे, परंतु ऐकू येते तेवढी मोठी नाही. आणि कागदावर सही करण्यापूर्वी ती समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

धुराला भाव कसा लागला

दगडी कोळसा, डिझेल व पेट्रोल जळले की त्यातील कर्ब हवेतील प्राणवायूशी मिळून कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे कर्बवायू तयार होतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता गोधडीसारखी अडवून धरतो. त्यामुळे उन्हाळा कडक होतो आणि पावसाचे वेळापत्रक बिघडते. आपल्या खान्देशात मे महिन्यात काय होते ते वेगळे सांगावयास नको.

धूर सोडणाऱ्याला आजवर त्याचे काही मोल पडत नव्हते. नुकसान सर्वांचे आणि नफा एकट्याचा, असा हा व्यवहार होता. म्हणून सोडलेल्या दर टन कर्बवायूला पैसे मोजावयास लावायचे, ही कल्पना पुढे आली. यालाच कर्बाला भाव लावणे म्हणतात. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत कराची. फिनलंडने १९९० मध्ये व स्वीडनने १९९१ मध्ये असा कर बसविला. आपल्या देशातही २०१० मध्ये दगडी कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला व २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. त्याला कर्बाचा कर म्हणत नसत, पण काम तेच होते. २०१७ मध्ये तो वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकरात मिसळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही बंद होऊन कोळशावरील कराचा दर वाढविण्यात आला.

दुसरी रीत पाळीची. सामायिक विहिरीवर चार भावांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. एकाने ठिबक केले आणि त्याचे पाणी उरले, तर तो आपली पाळी दुसऱ्याला देतो व त्याचा मोबदला घेतो. विहिरीतून उपसले जाणारे एकूण पाणी मात्र ठरल्यापेक्षा वाढत नाही. तसेच सरकार प्रत्येक मोठ्या कारखान्याला धुराची मर्यादा ठरवून देते. जो मर्यादेच्या आत राहील त्याने उरलेला हक्क विकावा आणि जो ओलांडील त्याने विकत घ्यावा. युरोपात ही पद्धत २००५ पासून चालू आहे आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तेथील भाव टनाला १०० युरोच्या वर गेला होता.

हा आकडा सभासदांनी नीट लक्षात ठेवावा, कारण गावात आलेले लोक तोच दाखवितात. तो भाव युरोपातील कारखान्यांच्या हक्कांचा आहे. २०२१ पासून त्या बाजारात बाहेरच्या देशांची क्रेडिटे चालत नाहीत. तेव्हा रावेरच्या शेतातील क्रेडिटाला तो भाव मिळेल, असे जो सांगेल त्याला पुढचा प्रश्न विचारण्याची गरज नाही.

आपल्या देशातील व्यवस्था

आपल्याकडे २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि २८ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली. तिचा कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे आहे. सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खत, कागद, क्लोर-अल्कली, तेलशुद्धीकरण, पेट्रोरसायन व कापड या नऊ उद्योगांना मर्यादा पाळण्याचे बंधन घालावयाचे ठरले. त्यांपैकी ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली व कागद या चार उद्योगांची उद्दिष्टे ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. या नवांच्या यादीत साखर उद्योग नाही.

याखेरीज, ज्यांच्यावर बंधन नाही अशांनीही आपखुशीने काम करून क्रेडिट मिळवावे, अशी तरतूद डिसेंबर २०२३ मध्ये करण्यात आली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कर्ब बाजारासाठी आराखडा जाहीर केला. लहान शेतकऱ्याला या बाजारात आणावे, असा त्याचा हेतू आहे.

सरकारी व्यवस्थेच्या बाहेर एक खासगी बाजारही आहे. विमान कंपन्या, बँका, मोठे व्यापारी आपल्या नावलौकिकासाठी क्रेडिटे विकत घेतात. ही क्रेडिटे व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड अशा परदेशी संस्थांच्या नोंदवहीत नोंदली जातात. आपल्या गावी फिरणारे बहुतेक लोक या बाजारासाठी काम करतात. येथे भाव ठरलेला नसतो. एकाच वर्षात एका प्रकल्पाचे क्रेडिट एका भावाने तर दुसऱ्याचे त्याच्या कितीतरी पट भावाने विकले जाते.

साखर धंद्याला हा बाजार अगदीच नवा नाही. १९९७ च्या क्योटो करारातून स्वच्छ विकास यंत्रणा निघाली आणि बगॅसवर वीज तयार करणाऱ्या कारखान्यांचे प्रकल्प तिच्यात नोंदले गेले. २००८ साली त्या क्रेडिटांना वीस युरोच्या आसपास भाव होता. २०१२ च्या अखेरीस तो एका युरोच्याही खाली आला. गिऱ्हाईक कमी आणि माल जास्त झाला, दुसरे काही नाही. केळीच्या बाजाराचा अनुभव असलेल्या आपल्या भागाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

शेताचा संबंध कोठे येतो

क्रेडिट म्हणजे एक टन कर्बवायू हवेत जाण्यापासून वाचविल्याचा किंवा हवेतून काढून साठविल्याचा तपासलेला दाखला. शेतकरी हे दोन्ही करू शकतो. ऊस हे पीक तर हवेतील कर्ब ओढून घेण्यात फार तरबेज आहे. पण साखर खाल्ली जाते व बगॅस जळते, आणि तो कर्ब परत हवेत जातो. म्हणून उसाच्या वाढीला क्रेडिट नाही. क्रेडिट मिळते ते चार गोष्टींना.

पहिली, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढविणे. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर 'सेंद्रिय कर्ब' असा रकाना असतो, तो हाच. ०.४० च्या खाली कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम आणि ०.८० च्या वर गेला तर भरपूर, असे आपण मानतो. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीच्या रूपानेही कर्ब असतो, पण तो या हिशेबात धरत नाहीत.

दुसरी, पाचट न जाळणे. पाचट जाळल्यावर निघणारा कर्बवायू हिशेबात धरत नाहीत, कारण तो त्याच वर्षी उसाने हवेतून घेतलेला असतो. मात्र त्या धुरात थोडा मिथेन व नायट्रस ऑक्साइड असतो. वजनाला वजन धरल्यास मिथेन कर्बवायूच्या सुमारे २८ पट आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ पट उष्णता अडवितो.

तिसरी, युरिया आटोक्यात ठेवणे. दिलेल्या नत्राचा सुमारे शंभरावा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तो धरून आणि युरिया विरघळताना सुटणारा कर्बवायू मिळवून पाहिले, तर ४५ किलोच्या एका गोणीमागे शेतातून सुमारे १२० किलो कर्बवायूइतका परिणाम होतो. आठ गोण्यांचा जवळजवळ एक टन होतो.

चौथी, पंपाची वीज वाचविणे. देशाच्या विजेच्या जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कर्बवायू सुटतो. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिट घेतो. ठिबकमुळे वर्षात ३०० तास पंप कमी चालला, तर ८०० किलोंहून अधिक कर्बवायू वाचला. रावेर-यावलच्या पट्ट्यात कूपनलिका खोल खोल चालल्या आहेत. तेव्हा येथे वाचलेल्या विजेबरोबर वाचलेले पाणी हाच मोठा लाभ समजावा.

एका एकराचा हिशेब

आता मुद्द्याचे बोलू. एका एकरातून नेमके किती क्रेडिट निघते?

हेक्टरी ८ ते १० टन वाळलेले पाचट मिळते, म्हणजे एकरी सुमारे साडेतीन टन. त्यात कर्ब साधारण सव्वा ते १.३ टन असतो. तो सगळा जमिनीत राहत नाही. जिवाणू पाचट खातात आणि बहुतेक कर्ब वर्ष-दोन वर्षांत परत हवेत जातो. आपल्या उष्ण भागात ही क्रिया आणखी वेगाने होते. दहा-पंधरा टक्के मागे राहिला तरी समाधान मानावे. तो झाला सुमारे दीडशे किलो कर्ब. एक किलो कर्बाचे ३.६७ किलो कर्बवायू होतात, म्हणजे हिशेबाने अर्ध्या टनाच्या थोडे वर.

पाचट न जाळल्यामुळे वाचलेला मिथेन व नायट्रस ऑक्साइड मिळून सुमारे पाव टन. दोन गोण्या युरिया कमी टाकला तर आणखी पाव टन. एकूण एकरी वर्षाला एक टन, म्हणजे एक क्रेडिट.

समजा त्याला ८०० रुपये भाव आला. हा भाव केवळ हिशेबासाठी धरला आहे, कोणी आश्वासन समजू नये. मातीचे नमुने, उपग्रहाची पाहणी, तपासनीस, नोंदणी व मध्यस्थ यांचा खर्च वजा जाऊन शेतकऱ्याच्या वाट्याला साठ टक्के आले, तर ४८० रुपये मिळतात. तेही दरवर्षी नव्हे, तपासणी होऊन विक्री झाल्यावर, दोन-तीन वर्षांनी.

याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडून पाहा. वाचलेल्या युरियाच्या दोन गोण्यांचे, गोणीस २६६ रुपये ५० पैसे प्रमाणे, ५३३ रुपये. साडेतीन टन पाचटातून जमिनीला मिळणारे पालाश सुमारे २५ किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या जवळजवळ एका गोणीइतके. नत्र १७ किलोंच्या आसपास, पण ते सावकाश मिळते. पाणी देण्याची एखादी-दुसरी पाळी लांबते, तणाची खुरपणी वाचते. आणि खोडव्याला एकरी एक टन ऊस जरी वाढला, तरी केंद्राने २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास ठरविलेला रास्त व किफायतशीर दर टनाला ३,५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा केली तरी ती रक्कम क्रेडिटाच्या कितीतरी पुढे जाते.

निष्कर्ष स्पष्ट आहे. पाचट ठेवावयाचे ते जमिनीसाठी व खोडव्यासाठी. क्रेडिटाचे पैसे आले तर तो वरचा तुरा. क्रेडिटासाठी शेती करू नये. चांगल्या शेतीला क्रेडिट जोडले जात असेल तर मात्र ते सोडूही नये.

काही ठिकाणी "एकरी पाच-सहा क्रेडिटे" असे सांगितले जाते. तो आकडा कोठून येतो तेही सांगतो. एक एकर जमिनीच्या वरच्या एक फूट थराचे वजन सुमारे १,५०० ते १,६०० टन भरते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब ०.५० चा ०.६० झाला, तर दीड टनाच्या वर कर्ब वाढला, म्हणजे सुमारे पावणेसहा टन कर्बवायू. आकडा बरोबर आहे, पण हे एका वर्षात होत नाही. नुसत्या पाचटावर त्याला दहा वर्षे लागतील. ताग-धैंच्याचे हिरवळीचे खत, शेणखत व प्रेसमड यांची जोड दिली तर लवकर होईल. तरीही बाहेरून आणून टाकलेल्या खताचा कर्ब हा दुसऱ्या ठिकाणाहून उचललेला कर्ब असतो. तपासनीस त्याचे क्रेडिट देईलच असे नाही.

बाजाराच्या चार अटी

क्रेडिट विकत घेणाऱ्याला खात्री हवी असते. त्यासाठी चार अटी असतात. आपल्या दृष्टीने त्या जाचक वाटतील, पण त्या समजल्या की कराराचा कागद वाचता येतो.

एक, काम नवे असावयास हवे. जे आधीपासूनच चालू आहे त्याला क्रेडिट नाही. आपल्या कित्येक सभासदांनी दहा-दहा वर्षे पाचट जाळलेले नाही. त्यांना काही मिळणार नाही आणि काल-परवापर्यंत काडी लावणाऱ्याला मिळेल, हा उलटा न्याय आहे. तो आम्हांलाही पटत नाही. म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो: क्रेडिट मिळावे म्हणून एक वर्ष पाचट पेटवून 'आमची जुनी पद्धत हीच' असे दाखविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. एका काडीने जमिनीच्या वरच्या थरातील जीवसृष्टी होरपळते आणि मिळणाऱ्या पैशाने ती परत येत नाही. अशा सभासदांना ठिबक, युरियाची बचत, बांधावरील झाडे अशा नव्या कामांवर क्रेडिट मागता येईल.

दोन, कर्ब टिकावयास हवा. दहा वर्षे साठविलेला कर्ब एका खोल नांगरटीने पुष्कळसा उडून जातो. आपल्या भागात खोडवा-निडवा संपला की रान मोडून केळी लावतात. त्यासाठी दोनदा नांगरट होते. करारात "जमीन नांगरणार नाही" अशी ओळ असेल, तर तो करार आपल्या पीकपद्धतीत बसत नाही.

तीन, एका कर्बाचे दोन दाखले नकोत. पाचटाच्या गाठी बांधून बॉयलरला किंवा बायोगॅसच्या प्रकल्पाला विकल्या, तर त्याचे क्रेडिट तेथे लागेल, शेतात लागणार नाही. एकाच गट नंबरावर दोन कंपन्यांकडे सही केली, तर दोन्हीकडून नाव कमी होईल.

चार, मोजमाप असावयास हवे. केव्हा तोडणी झाली, पाचट काय केले, युरिया किती टाकला याची नोंद लागते. तोंडी सांगणे चालत नाही.

परदेशातील दोन अनुभव

ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये शेतातील कर्बासाठी खास कायदा केला आणि २०१२ च्या जुलैपासून कारखान्यांच्या धुराला टनाला २३ डॉलर (त्यांचे) भाव लावला. कारखानदाराला भाव भरावा लागतो, म्हणून तो शेतकऱ्याचे क्रेडिट विकत घेतो, अशी ती साखळी होती. सरकार बदलले आणि २०१४ मध्ये तो भाव रद्द झाला. शेतकऱ्यांची क्रेडिटे राहिली, पण गिऱ्हाईक गेले. मग सरकारने स्वतःच्या तिजोरीतून लिलावाने क्रेडिटे विकत घेण्यास सुरुवात केली. पुढे २०२३ मध्ये मोठ्या कारखान्यांवरील मर्यादा कडक झाल्या, तेव्हा पुन्हा खासगी मागणी आली. तेथे जमिनीत कर्ब साठविणाऱ्याला २५ किंवा १०० वर्षे तो टिकविण्याची हमी द्यावी लागते. यातून धडा असा की, शेतातील क्रेडिटाची किंमत शेतात ठरत नाही. कारखान्याच्या धुराला कायद्याने किती भाव आहे, त्यावर ती ठरते. तो कायदा सैल झाला की आपला मालही पडतो.

गंमत अशी की, त्याच देशातील क्वीन्सलँडच्या ऊस शेतकऱ्यांनी क्रेडिटाचे नावही निघाले नव्हते तेव्हापासून हिरवा ऊस तोडून पाचट शेतात पसरण्यास सुरुवात केली. त्यांना ओल टिकविण्यासाठी व मशागत वाचविण्यासाठी ते परवडले.

दुसरा अनुभव आफ्रिकेतील केनियाचा. तेथील पश्चिम भागात आपल्यासारखेच एक-दोन एकरवाले शेतकरी आहेत. एका स्वीडिश संस्थेने व जागतिक बँकेच्या निधीने त्यांचे गट बांधले आणि २०१४ मध्ये त्यांच्या जमिनीतील कर्बावर क्रेडिटे मिळाली. प्रत्येकाच्या वाट्याला रोख रक्कम थोडीच आली. पण खत, झाडे व मशागतीचा सल्ला गटामार्फत मिळत राहिला आणि मक्याचे पीक सुधारले. एकट्या एकरवाल्याला या बाजारात दारही उघडत नाही, गटाला उघडते.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

कोणीही कागद घेऊन आला, तर त्याला पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१. प्रकल्प कोणत्या नोंदवहीत आहे व त्याचा नोंदणी क्रमांक काय? क्रमांक नसेल तर प्रकल्प अजून कागदावरच आहे.

२. करार किती वर्षांचा? मध्येच बाहेर पडावयाचे झाल्यास दंड किती?

३. आपला वाटा विक्रीच्या पूर्ण रकमेवर, की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर? "नफ्याच्या सत्तर टक्के" हे शब्द गोड असतात. पण नफा किती दाखवावयाचा ते कंपनीच्या हाती असते.

४. मातीचे नमुने कोण घेणार, कोठे तपासणार, खर्च कोणाचा? अहवालाची प्रत आपणांस मिळणार का?

५. पीक बदलले, केळी लावली, जमीन विकली किंवा वाटणी झाली, तर काय?

६. सातबाऱ्यावर काही नोंद किंवा बोजा चढणार का? पीककर्जाला अडचण येईल असे काही लिहिले आहे का?

७. जमीन खंडाने असेल तर सही मालकाची की कसणाऱ्याची? सहहिस्सेदारांची संमती आहे का? बहिणींची नावे सातबाऱ्यावर असतील तर त्यांनाही विचारणे आवश्यक आहे.

८. करार मराठीत आहे का? नसेल तर मराठी प्रत मागावी. जी भाषा आपल्याला वाचता येत नाही तिच्यात सही करू नये.

आणि एक अट आमच्याकडून: नोंदणीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे. पैसे त्याने आपल्याला द्यावयाचे आहेत, आपण त्याला नव्हे.

ज्यांनी आधीच सह्या केल्या आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. कराराची प्रत घेऊन गट कार्यालयात यावे. प्रत दिलीच नसेल, तर ती लेखी अर्ज करून मागवावी. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.

या हंगामात करावयाचे काम

क्रेडिट मिळो वा न मिळो, पुढील काम प्रत्येक खोडवेकऱ्याने करावयास हवे.

तोडणी जमिनीलगत करून घ्यावी. टोळीने बुडखे उंच ठेवले असतील तर ते धारदार कोयत्याने छाटून घ्यावेत. पाचट सरीत बसवून घ्यावे किंवा यंत्राने कुट्टी करावी. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक शेणखतात मिसळून पसरावे व पाणी द्यावे. पाचट ओले होऊन मातीला चिकटले की कुजू लागते.

खोडव्याची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश आहे. एकरी नत्र १०० किलो झाले, म्हणजे सगळे युरियातून दिले तरी पाच गोण्या पुरतात. सात-आठ गोण्या टाकणाऱ्यांनी वरच्या गोण्या कोठे जातात याचा विचार करावा. त्या उसात जात नाहीत, हवेत आणि विहिरीच्या पाण्यात जातात. खत वरून फेकण्यापेक्षा पहारीने भोके घेऊन बुडाशी द्यावे, किंवा ठिबकमधून थोडे थोडे द्यावे.

"पाचटाने उंदीर होतात", "ट्रॅक्टर चालत नाही", "पहिले पाणी पुढे सरकत नाही" या तक्रारी आम्हांला माहीत आहेत. पहिले पाणी जड जाते हे खरे आहे, म्हणून एकाआड एक सरीत पाचट ठेवण्याची पद्धत अवलंबावी. फेब्रुवारी-मार्चनंतर वाळक्या पाचटाला विजेच्या तारेची ठिणगी पुरते. तेव्हा तारेखालचा पट्टा व बांधाकडेचे चार हात रान पाचटमुक्त ठेवावे. शेजाऱ्याने काडी लावावयाची असेल, तर त्याच्याशी आधी बोलून घ्यावे. जळीत उसाची कपात कोणालाच परवडत नाही.

माती परीक्षण उन्हाळ्यात, रान मोकळे असताना करून घ्यावे. एक फुटापर्यंतचा नमुना घ्यावा आणि दर तीन वर्षांनी त्याच जागी पुन्हा घ्यावा. पत्रिका जपून ठेवावी. उद्या क्रेडिटाचा सरकारी मार्ग खुला झाला, तर हीच पत्रिका आपला पुरावा ठरेल. त्याबरोबर एका वहीत लागणीची व तोडणीची तारीख, पाचटाचे काय केले, कोणते खत किती गोण्या, पंपाचे तास एवढे लिहीत जावे. मुलगा-मुलगी शाळेत असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. आपल्यापेक्षा ती नीट करतात.

सहकाराचे काम

१९५० साली प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून देशातील पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यापूर्वी दोन-चार एकरवाल्याच्या उसाला गुळाच्या व्यापाऱ्यापुढे किंमत नव्हती. ऊस तोच होता, पण शेतकरी एकत्र आल्यावर त्याला वजन आले, काटा आला आणि पावती आली.

कर्बाच्या बाजारात आपण आज त्याच जागी उभे आहोत. एकेका सभासदाचे एक-दोन क्रेडिट घेऊन मध्यस्थ हजारो क्रेडिटे विकणार आणि भाव त्यालाच कळणार, हे चित्र आपल्याला नवे नाही. येथे मात्र कारखान्याकडे प्रत्येक प्लॉटची नोंद आहे, लागणीची तारीख आहे, तोडणीची चिठ्ठी आहे, काट्याचे वजन आहे. कर्ब मोजणाऱ्याला जी माहिती गोळा करण्यासाठी पैसे खर्च करावे लागतात, ती आपल्या शेतकी खात्याच्या दप्तरात पडून आहे. ती सभासदांची मिळकत आहे. ती कोणाला, कोणत्या अटीवर द्यावयाची, आणि क्रेडिटाचा हक्क सभासदाचा राहील की आणखी कोणाचा, हा प्रश्न सभासदांनी वार्षिक सभेत विचारावयास हवा. आमच्या मते जमीन ज्याची, घाम ज्याचा, त्याचाच कर्ब. कारखान्याने मोजणी व विक्रीची व्यवस्था पाहावी आणि प्रत्येक रकमेचा हिशेब अहवालात छापावा.

असा गट बांधण्यापूर्वी किती सभासद पाचट ठेवतात व किती जाळतात, याची गावनिहाय यादी हवी. यंदा तोडणीच्या वेळी चिटबॉय प्रत्येक प्लॉटवर हा प्रश्न विचारतील. खरे उत्तर द्यावे. जाळले तर जाळले म्हणून सांगावे, त्यासाठी कोणाची तोड मागे पडणार नाही.

ज्या सभासदांकडे कराराचे कागद आले आहेत त्यांनी सही करण्यापूर्वी ते आपल्या गट कार्यालयात दाखवावेत. शेतकी खाते त्याचे वाचन विनामूल्य करून देईल.